ज्या दुपारी मी नानांकडे गेलोच नव्हतो

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. महाडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. "आपोआप चालू होतो", "आतून आवाज येतो", "कुणीतरी काहीतरी केलंय बहुतेक" अशा तक्रारी घेऊन रोज माणसं येतात. खोलून बघावं तर एखादी वायर सैल झालेली असते, नाहीतर आत पाल मरून पडलेली असते. या ग्रुपवरचे बाकीच्यांचे अनुभव वाचतानाही मी हसायचो, खोटं कशाला बोलू... आणि खोटं बोलण्यावरूनच हे सगळं झालं, म्हणून आज तरी खरं तेच लिहितो.

पोलादपूरहून कापडे, उमरठ करत पुढे डोंगरात गेलं की एक वाडी लागते. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे नाना राहायचे. सगळी नोकरी मुंबईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, म्हातारपणी वाडीवर परत आले. मुलगा सुनील विरारला. त्याने एक जुना कॉम्प्युटर वडिलांसाठी पाठवला होता, तो मीच जोडून दिला. नानांची बायको, आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो, भातलावणीची गाणी फार गोड म्हणायची. नानांनी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि मी कॉम्प्युटरवर उतरवून दिली. पुढच्याच वर्षी काकी गेली. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला काम एकच होतं. संध्याकाळ झाली की काकीची गाणी.

दोन वर्षं झाली या गोष्टीला. दिवाळी होऊन गेलेली, भाताची झोडणी उरकलेली. सकाळी साडेअकराच्या सुमारास नानांचा फोन.

"संदीप, लाइट गेली नि आली, तसा हा आपसूकच बंद होऊन चालू झाला. आता पासवर्ड टाकतो तर आत घेत नाय रे."

"काय लिहून येतंय, नाना?"

नानांना इंग्रजीचा अर्थ लागायचा नाही, पण जन्म खिळे जुळवण्यात गेलेला. एकेक अक्षर वाचून दाखवलं, एक चूक नाही. मला लगेच कळलं. पासवर्ड बरोबर होता, त्यांच्या खात्याची एक फाइल बिघडली होती. चालू मशीनची लाइट गेली की होतं असं. अशा वेळेसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर मी माझ्या नावाचं एक वेगळं खातं करून ठेवतो. त्यातून आत शिरलं की सगळं जसंच्या तसं मिळतं. दहा मिनिटांचं काम. त्या खात्याचा पासवर्ड मी कुणाला सांगत नाही, कुठे लिहूनही ठेवत नाही. खरं तर तेवढा एक पासवर्ड नानांना फोनवर सांगितला असता तरी भागलं असतं... पण धंद्याचं गुपित ना! नाही सांगितला.

"उद्या सकाळी सुनील न्यायला येतोय," नाना म्हणाले. "मुंबैला हार्टचं ऑपरेशन हाय. तिची गाणी तेवढी पेन ड्राइव्हात घालून दे. बाकी कायपण नको मला."

"निघालोच, नाना."

निघालो नव्हतो. चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं महाडलाच, दुपारी जेवण. आमच्या धंद्यात "वाटेत आहे" याला कुणी खोटं समजत नाही, नमस्कार म्हणावा तसं ते तोंडातून निघतं. साडेबाराला नानांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पोलादपूर सोडलं." दीडला म्हणालो, "कापडे आलं, रस्ता खराब आहे हो." त्यापुढे नानांची वाडी येईपर्यंत वाटेत रेंज नसते, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तेवढ्या भरवशावर मी फोन सायलेंटवर टाकला आणि पंगतीला बसलो. मनात म्हटलं, उद्या सांगू गाडी पंक्चर झाली म्हणून. उद्या नाना नसणार आहेत हे लक्षात होतं. तरीही जेवलो, बासुंदी मागून घेतली.

साडेचारला पुन्हा नानांचा फोन. आता शिव्या बसणार म्हणून भीतभीतच उचलला.

"पोचलास का रे दुकानात? बरं केलंस उजेडी निघालास ते. तुझं उपकार नाय विसरायचो, बाबा."

मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाना टोमणे मारणाऱ्यातले नव्हते. आणि त्यांच्या मागे काकीचा आवाज येत होता... भातलावणीचं गाणं, मीच उतरवून दिलेलं. म्हटलं, कुणीतरी दुसऱ्याने जुळवून दिलं असेल आणि म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा होतोय. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, नाना, मी आलोच नव्हतो. मी म्हणालो, "हो, आत्ताच पोचलो. तब्येतीला जपा." फुकटचं पुण्य पदरात पडत होतं, घेतलं मी.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नाना गेले.

तेरावं झाल्यावर सुनील दुकानात आला. "भाऊ, चला माझ्याबरोबर वाडीवर. आईची सगळी गाणी मला काढून द्या. बाबांना शेवटपर्यंत कानाला तेच लागायचं, तुमच्यामुळे." मी मान खाली घालून गाडीत बसलो.

घरी गेल्यावर केबल बघायला कॉम्प्युटरचा डबा फिरवला आणि हात तिथेच थांबला. काम झालं की मी डब्याच्या मागे पांढरी चिकटपट्टी लावतो, वर तारीख आणि सही. जुनी सवय. तशी पट्टी तिथे होती. तारीख त्या दुपारची. सही माझी. माझा चाराचा आकडा खालून उघडा राहतो, लहानपणी मास्तरांचा मार खाऊनही तो मिटला नाही. तो चारही तसाच होता.

माझ्या खात्यातून आत शिरलो आणि नोंदी उघडल्या. मशीन कधी बंद पडलं, कोण कधी आत आलं, सगळं त्यात आपोआप लिहिलेलं असतं. सकाळी अकरा दहाला अचानक बंद. मग नानांचे प्रयत्न, एकामागून एक. मी "पोलादपूर सोडलं" म्हणालो त्याच्या आधी आणि नंतरही, मी जेवत होतो तेव्हाही. शेवटचा तीन वाजून पाच मिनिटांनी. ती यादी वाचताना मला माझीच लाज वाटली.

आणि तीन बाराला लॉगिन. माझ्या खात्यातून, पहिल्याच फटक्यात, पासवर्ड बरोबर.

कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं, मिनिटाचाही फरक नव्हता. बारशाचा फोटो माझ्या मोबाइलवर आहे, सव्वातीनचा. त्यात मी हातात पेढा धरून हसतोय.

तेवढ्यात शेजारच्या जनाबाई चहा घेऊन आल्या. "घे रे. त्या दिशी घेतलास तसा बसून घे."

"कुठल्या दिवशी?"

"अरं, गाणी काढून दिलीस ना, त्या दिशी! एरवी तू उभ्या उभ्या चाय पितोस नि पळतोस. त्या दिशी नानांच्या बाजूला मांडी घालून बसलास. आख्खं गाणं ऐकलंस. नानांनी हात धरून ठेवलावता तुझा."

"जनाबाई, नीट आठवा. मीच होतो?"

"मग कोन? चष्मा लागला म्हणून काय आंधळी नाय झाले मी."

एवढ्या वर्षांत मी त्या घरात एकही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं. नेहमी घाई. त्या दिवशी खरोखर गेलो असतो तरी बसलो नसतो, हे माझं मला माहीत आहे.

चहा संपला तसा सुनील जवळ सरकला. त्या दोघा बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "पोचलास का", त्यापलीकडे कधी गेलं नाही. आमच्याकडे घरोघरी तेच.

"भाऊ, एक विचारायचं होतं. ऑपरेशनला आत नेताना बाबा म्हणाले, तुला एक सांगायचं होतं, पण तोंडावर नाय जमत मला. त्या दिशी संदीपला सांगून ठेवलंय, तो सांगेल तुला." त्याने हातातला कप खाली ठेवला. "काय म्हणाले होते?"

कॉम्प्युटरवर काकीचं गाणं चालू होतं. मी सांगू शकलो असतो. मी आलो नव्हतो, मी बासुंदी खात होतो, तुझ्या बापाने जे सांगितलं ते ऐकायला मी इथे नव्हतो. सुनीलने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, जनाबाईंनी तर मुळीच नाही... पण सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले, आणि तोंडातून निघालं, "जरा आठवून सांगतो."

तीन बाराला तिथे कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही. माझा पासवर्ड, माझं अक्षर, माझा चेहरा त्याला कुठून मिळाला, याचं उत्तर नाही. मशीन चार वेळा तपासलं. एवढंच कबूल करतो, की जो कुणी होता तो माझ्यापेक्षा बरा माणूस होता. दिलेला शब्द त्याने पाळला. आणि नानांचा निरोप त्याच्याकडेच राहिला.

त्या दिवसापासून मी कुणालाही "वाटेत आहे" असं खोटं सांगत नाही. एका माणसाला सोडून.

सुनीलचा अजून फोन येतो, महिन्या-दोन महिन्यांनी. चिडत नाही, बिचारा अदबीनेच विचारतो. परवाही आला. "भाऊ, आठवलं का हो काही?"

मी म्हणालो, "गाडीवर आहे रे, पोचलो की फोन करतो."

मी दुकानातच बसलो होतो.