राउशानचं उष्टं

राउशानसारखी दुभाषी अल्माटीत दुसरी नाही, असं लोक म्हणायचे. मी तिच्या शेजारी, त्याच काचेच्या खोक्यात बसायची. कानात रशियन, तोंडात कझाख, श्वास घ्यायला फुरसत नाही. माझं डोकं पार पिंजून निघायचं आणि ही बया ताजीतवानी! कारण मला ठाऊक होतं. जागं ठेवणारी, डोकं लख्ख करणारी गोळी. आजार ना बिजार, पण आमच्या धंद्यात निम्मे लोक घेतात. आपाला, म्हणजे आईला, कळू नये म्हणून राउशान ती चुरून दुधाच्या चहात टाकायची आणि अर्धा पियाला पिऊन पळायची.

एकदा मी तिला न्यायला लवकर गेले. तिची भावजय गुलझान चहा ओतत होती. दोनदा गर्भ पडल्यावर आता कुठे सातवा महिना लागला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"झोपत नाहीस का गं?" मी विचारलं.

"कुठली झोप! छाती नुसती धडधडते. रक्तदाब का चढतोय, डॉक्टरांनाही कळत नाही."

"बाळ हुशार आहे, आईला झोपू देत नाही," आपा हसत म्हणाल्या. "आत्यावर जाणार! राउशान गेली की तिचा उरलेला चहा हिलाच पाजते मी."

आमच्याकडे हे घरोघर चालतं. गुणी माणसाचं उष्टं खाल्लं की त्याचा गुण लागतो. मला त्यात वावगं वाटलं नाही. मग राउशानकडे पाहिलं, तर ती पांढरीफटक पडलेली. तिने आपला पियाला उचलला आणि चहा बेसिनमध्ये ओतून दिला.

आपांचा पारा चढला. "भावजयीला उष्टं द्यायला जीव जातो तुझा? स्वतःला मूलबाळ नाही म्हणून तिच्यावर जळतेस?"

"राहू द्या ना, आपा," गुलझानचे डोळे भरले. "वन्संना नको असेल तर नको."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, गप्प बस बाई, उद्यापासून पियाला रिकामा कर, झालं! पण राउशान बोलली.

"त्यात गोळी असते. मी दुभाषी म्हणून मिरवते ना, ती त्या गोळीच्या जोरावर. तळाशी राहिलेली हिच्या पोटात गेली, आपा. बाळाच्या पोटात गेली."

गुलझानने दोन्ही हातांनी पोट धरलं. आपांना उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरला सांगताना शेजारणीने दिली म्हण. चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?"

राउशानने रुग्णवाहिकेला फोन लावलाच होता. गोळीचं नाव सांगितलं, स्वतःचंही सांगितलं. आवाज इतका कापत होता की पत्ता मला सांगावा लागला.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी. वाचली. गोळीमुळेच झालं का, डॉक्टर हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. राउशानने गोळ्या सोडल्या. मग भर सभेत दोनदा अडखळली आणि आता एका कचेरीत कागद भाषांतरित करत बसते. तिची खुर्ची रिकामी बघून मला अजून चीड येते, तिचीही आणि आमच्या धंद्याचीही.

पोरगी दोन वर्षांची होत आली, अजून एक शब्द बोलत नाही. राउशान घरी आली की चपला काढायच्या आधी विचारते, "आज काही बोलली?" परवा मी तिथेच होते. नाही म्हटल्यावर ती नेहमीसारखी माफी मागायला लागली. रडवेली, तेच ते.

गुलझान पोरीचे केस विंचरत होती.

"वन्सं, आता पुरे करा. तुम्हाला मी तेव्हाच माफ केलं," ती म्हणाली. "तुम्ही दिलंत ते नकळत. पण तो चहा प्यायले की पोटात बाळ उसळायला लागायचं, जिवंत आहे म्हणून मला बरं वाटायचं. आपा विसरल्या तर मी मागून मागून प्यायचे. मी कुणाकडे माफी मागू, ते सांगा."

पोरगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.