ड्रमांपलीकडचा कीबोर्ड

माझी धाकटी बहीण टायपिंगच्या परीक्षेसाठी गंगापूरहून आमच्याकडे राहायला आली, ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. तिचे यजमान सरकारी कार्यालयात कारकून होते. ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला त्यांच्या जागी घेतलं, पण मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची अट घातली. मिनिटाला तीस शब्द. एकदा ती नापास झाली होती आणि मुदतीच्या आत आता एकच परीक्षा शिल्लक होती. तीही गेली तर कारकुनाची जागा जाणार आणि फार तर शिपायाची मिळणार. तिच्या दोन मुली सासरी राहून शिकत होत्या, त्यामुळे या दोन जागांमधला फरक आम्हा सगळ्यांना नीट माहीत होता.

आमचं घर सिडकोतलं, खाली आम्ही आणि वर भाडेकरू. घर बांधलं तेव्हा मागे ज्वारीचं रान होतं. आता तिथे सात मजली इमारती आहेत आणि त्यांच्यासाठी दिवसभर टँकर जातात. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही सांगितलेल्या वेळेला नाही. म्हणून बायकोने मागच्या खोलीत दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम ओळीने लावले होते. त्यांच्या आजूबाजूला हंडे, कळशा, स्टीलचे डबे. पाणी आलं की सगळं काठोकाठ भरायचं, वर पांढरं फडकं, त्यावर झाकण. पाणी घ्यायचं ते दाराकडच्या ड्रमातून, तो रिकामा झाला की मधला, मग भिंतीकडचा. भरलेला ड्रम हलवायचा नाही, हा घरातला कायदा होता आणि तो मोडायची माझीही हिंमत नव्हती.

याच खोलीत कोपऱ्यात संगणक होता. ड्रम आल्यावर टेबलापुढे खुर्ची मावेना. मग मी मॉनिटर भिंतीवरच्या फळीवर चढवला आणि सीपीयू खाली जमिनीवर ठेवला. बहीण ड्रमांच्या अलीकडे कॉटवर बसून, मांडीवर पाट घेऊन टाइप करणार, असं ठरलं. जुन्या कीबोर्डची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती, म्हणून औरंगपुऱ्यात जाऊन बिनवायरचा कीबोर्ड आणला. त्याचे संकेत पकडणारा नखाएवढा डोंगल सीपीयूच्या मागच्या यूएसबीच्या खाचेत बसवला, कारण पुढच्या दोन्ही खाचा कधीच बंद पडल्या होत्या.

संगणक जुना, त्यामुळे त्यावर लिनक्स होतं, जुन्या यंत्रावरही चालणारी फुकटची प्रणाली. ते बसवून दिलं होतं वरच्या भाडेकरूने. तो पाचोडकडचा, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करायचा. दोन तास बसून त्याने सगळं केलं आणि पैसे घेतले नाहीत. मला त्या वेळीच ते जरा खटकलं होतं. आमच्यात टाकीवरून कुरबूर चालू होती. वरच्या टाकीच्या कॉकला मी कुलूप लावलं होतं आणि त्याला सकाळी अर्धा तास पाणी सोडत होतो. ज्याला आपण पाणी मोजून देतो, तो आपलं काम फुकट का करील, असा प्रश्न मला पडला होता. बायको म्हणाली, "तुमचं काय, नळाला पाणी आलं तरी तुम्ही आधी वास घेऊन बघता, नळाचंच आहे का म्हणून."

पहिले काही दिवस सरावाला चांगले गेले. बहिणीचा वेग अठ्ठावीसवर आला होता. मग पाणी आलं, ड्रम भरले, आणि त्या दुपारी तिने उतारा टाइप केला तर अर्धे शब्द लंगडे. काना गायब, वेलांटी गायब, आणि एका ठिकाणी ओळभर नुसतं ककककककक. तिने पुन्हा केला, तेच झालं. मी मागे उभा राहून तिची बोटं पाहिली. बोटं जागेवर पडत होती, पण खात्री कशी देणार? ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, मागच्या वेळी पेपरात असंच झालं असंल का? हातच असे असतील का माझे?"

चारपाच दिवसांत दोष आपोआप कमी झाला. वेगही परत आला. आम्ही म्हटलं, गेलं ते. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी आलं आणि पुन्हा ककककक.

मी सेल बदलले. फरक पडला नाही. मग मी इंटरनेटवर वाचायला लागलो. लिनक्स वीज वाचवण्यासाठी यूएसबीच्या खाचा मधूनमधून झोपवतं आणि मग पहिली काही अक्षरं हरवतात, असं पुष्कळांनी लिहिलं होतं. ती झोप बंद करायची आज्ञाही दिली होती. कुठल्या तरी देशातल्या, टोपणनावाच्या माणसाने लिहिलेली ओळ आपण आपला पासवर्ड देऊन चालवायची, हे मला पटत नव्हतं. मी ती ओळ आणखी तीन ठिकाणी जुळते का ते पाहिलं आणि मगच चालवली. दोष तसाच राहिला. शिवाय दोन अक्षरांच्या मध्ये लिनक्सला झोप लागते, हे काही खरं वाटत नव्हतं.

त्याच वाचनात एक उपयोगाची गोष्ट सापडली. काळ्या खिडकीत एक आज्ञा दिली की कीबोर्डकडून जे जे येतं ते ओळीने दिसतं. बटण दाबलं की एक ओळ, सोडलं की दुसरी. मी बहिणीला म्हणालो, 'क' दाब आणि सोड, सावकाश. दाबल्याची ओळ आली, सोडल्याची आलीच नाही. तिचं बोट हवेत होतं आणि संगणक समजत होता की ते अजून बटणावरच आहे. म्हणून तो 'क' काढत सुटला. मग मी स्वतः दाबून पाहिलं. माझंही तेच झालं.

एवढं मला कळलं की दोष हातात नाही आणि बहुतेक लिनक्समध्येही नाही. कीबोर्डपासून डोंगलपर्यंतच्या वाटेत काहीतरी हरवत होतं. मी हे बहिणीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. माझ्यासारख्या दोन बोटांनी टाइप करणाऱ्याचं चुकणारच, असं तिचं म्हणणं.

आता वाटेत कोण आहे, याचा मी विचार करू लागलो. दोष पाण्याच्या दिवशी सुरू होतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पाण्याच्या दिवशी घरात वेगळं काय असतं? मोटर चालू असते. पण मोटर तासभर आणि दोष चार दिवस, म्हणजे ते जुळत नव्हतं. दुसरं, पाण्याच्या दिवशी वरचा भाडेकरू सुट्टी टाकून घरी असतो. आणि त्याच्याकडे अगदी असाच कीबोर्ड होता. दुकान त्यानेच मला सांगितलं होतं. त्याची खोली बरोबर या खोलीच्या डोक्यावर. लिनक्स त्याने टाकलेलं, पासवर्डही त्याला माहीत. मी पासवर्ड बदलला. मग दोन दिवस मी जिन्यात उभा राहून वरून टकटक ऐकू येते का ते बघत होतो. टकटक यायची. खाली अक्षर हरवायचं. दोन्हींचा मेळ कधी बसायचा, कधी नाही, आणि बसला तेवढाच माझ्या लक्षात राहायचा.

बायकोला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, त्याला जर आपलं वाईट करायचं असतं तर त्याने टाकीचा पाइप कापला असता, 'क' कशाला काढत बसला असता?

त्या आठवड्यात बहिणीने शिपायाच्या जागेसाठी अर्ज लिहायला घेतला. माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि मजकूर कसा असावा ते विचारलं. परीक्षेला बसून पडण्यापेक्षा आधीच लिहून दिलेलं बरं, निदान जवळचं कार्यालय तरी मागता येईल, असा तिचा विचार होता. सोमवारी ती गंगापूरला जाऊन तो अर्ज देणार होती. मी कागद दिला, मजकूर सांगितला नाही. म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

शनिवारी पाणी आलं. ड्रम भरले, फडकी बांधली. दुपारी दोष हजर झाला. मी वर गेलो आणि भाडेकरूला म्हणालो की तुमच्या कीबोर्डचे सेल काढा, डोंगलही काढा आणि दोन्ही घेऊन खाली या.

त्याने दारातच माझ्याकडे पाहिलं. "काका, मी वरून तुमच्या संगणकात टाइप करतो, असं वाटतंय का तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मला तपासायचंय."

"तपासा की. मी बी तेच करतो दिवसभर. पगार त्याचाच आहे." तो हसला नाही, पण आला.

त्याचा कीबोर्ड, त्याचे सेल, त्याचा डोंगल, सगळं मी ड्रमाच्या झाकणावर मांडून ठेवलं. मग बहिणीला म्हणालो, आता टाइप कर. ककककक. मी झाकणावरचे त्याचे सेल पुन्हा मोजले. भाडेकरूने टोमणा मारला नाही, हे मला आवडलं नाही, कारण त्याला बोलायला पुष्कळ जागा होती.

तो म्हणाला, आता माझा लावून बघा. मी आमचा डोंगल काढून त्याचा मागच्या खाचेत बसवला, सेल घातले आणि कीबोर्ड बहिणीच्या मांडीवर दिला. पुन्हा तेच. म्हणजे औरंगपुऱ्याचा दुकानदारही सुटला. त्यालाही मी मनात धरून ठेवलं होतं.

भाडेकरूने कीबोर्ड उचलला आणि काळी खिडकी उघडायला सांगितली. तो उभ्याने बटणं दाबू लागला, मी फळीवरच्या पडद्यावर ओळी वाचू लागलो. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. सगळ्या ओळी येत होत्या. तो तसाच बोटं चालवत खाली वाकला. कीबोर्ड ड्रमांच्या झाकणांच्या खाली गेला आणि ओळी तुटायला लागल्या. वर आला, ओळी पूर्ण. मग दाराकडच्या बाजूने हंड्यांवरून पाय टाकत ड्रमांच्या पलीकडे, सीपीयूजवळ जाऊन उकिडवा बसला. एकही ओळ चुकली नाही. पुन्हा अलीकडे आला, कॉटवर बसला. तुटली.

आम्ही दोघांनी एकदमच ड्रमांकडे पाहिलं. मधे सहाशे लिटर पाणी उभं होतं. या कीबोर्डच्या लहरी पाण्यात जिरतात, हे मी नंतर वाचून घेतलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ड्रम भरलेले असले की अक्षर पलीकडे जात नाही आणि पाणी खाली जाईल तशी त्याला वाट मिळते. जागा नव्हती म्हणून वायर सोडली, आणि जागा ज्यांनी खाल्ली तेच मधे उभे होते.

बायको दारात आली होती. तिने आधी एवढंच विचारलं, की आता पाणी ओतून द्यायला सांगताय की काय. भाडेकरू म्हणाला, "नाय काकू, पाण्याला कुणी हात लावत नाय. डोंगलच वर घेऊ."

मी त्याच संध्याकाळी यूएसबीची दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर आणली. दुकानातच त्यांच्या संगणकाला लावून ती चालते का ते बघून घेतली. वायरचं एक टोक सीपीयूच्या मागे, दुसरं कॅलेंडरच्या खिळ्याला, ड्रमांच्या बरंच वर. कॅलेंडर दुसरीकडे गेलं. डोंगल त्या खिळ्याला लटकू लागला.

बहिणीने पाट मांडीवर घेतला आणि पूर्ण उतारा टाइप केला. तीनही ड्रम काठोकाठ होते. संपल्यावर सरावाच्या सॉफ्टवेअरने चुका लाल करून दाखवल्या. काही होत्याच. जोडाक्षरात ती घाई करायची, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकारांची बटणं उलटी दाबायची. तिने त्या लाल खुणा एकेक करून वाचल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच बोलली.

"ह्या माझ्या हायत, दादा. ह्यांचं मी बघते."

सोमवारी ती गंगापूरला गेली नाही. कोरा कागद तिने मला परत दिला.

मधल्या दिवसांत तिने जोडाक्षरांशिवाय दुसरं काही केलं नाही. मी कॉकच्या कुलपाची किल्ली भाडेकरूला दिली नाही. पण बायकोने त्या कुलपाची दुसरी किल्ली त्याला कधी दिली, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मी आधी जाऊन खिडकीतून आत पाहिलं. सगळ्या कीबोर्डांना वायर होती. हे मी फाटकाशी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, तिने ते आदल्या दिवशीच फोन करून विचारलं होतं.

ती पास झाली. आता गंगापूरला कारकुनाच्याच खुर्चीवर बसते. ड्रम अजून तीनच आहेत, कारण पाऊस झाला तरी शहर वाढलं आणि नळाचं पाणी काही रोज येऊ लागलं नाही. डोंगल त्याच खिळ्याला आहे. पाणी आलं, ड्रम भरले, फडकी बांधून झाली की मी संगणक चालू करतो, कॉटवर बसतो आणि एकदा 'क' दाबून सोडतो. एकच येतो. मग दुसऱ्यांदा दाबून बघतो.