दुसरं कै.

माझे सिनेमे कुणाला कळत नाहीत, ही तक्रार मी आता मनावर घेत नाही. पहिला लिहिला तेव्हा शिक्रापूरला एका कंपनीत होतो. हायवेला लागून खोली होती. शिफ्ट करून यायचं आणि ट्रकांच्या हॉर्नमध्ये लिहायला बसायचं. सिनेमातही तेच होतं. एक जण खोलीत बसून शेजारच्या खोलीतल्या माणसावर सिनेमा लिहितोय आणि तो शेजारी ह्याच्यावर लिहितोय. शेवटी मधली भिंत पडते, तर पलीकडं खोलीच नसते, नुसतं उसाचं रान. घरमालकाला मोठ्या हौसेनं दाखवला. त्यानं डोळे मिटू न देता शेवटपर्यंत बघितला आणि एवढंच विचारलं, की भिंत नक्की कुणी पाडली, कारण दुरुस्ती शेवटी त्याच्याच गळ्यात येणार.

दुसऱ्या सिनेमात हिरो दिग्दर्शकाला हुडकत येतो, म्हणजे मलाच, आणि विचारतो, माझा शेवट काय केलास. मी त्याला खरं ते सांगतो, की अजून सुचलेला नाही. दौंडला दाखवला तेव्हा ह्या वाक्याला टाळ्या पडल्या. मी हुरळून गेलो. नंतर कळलं, लोकांना वाटलं सिनेमा संपला.

एक गोष्ट मात्र माझ्या प्रत्येक सिनेमात असायची. हिरोचा बाप मेलेला. त्यात खोल वगैरे काही नव्हतं. बाप जिवंत ठेवला की तो विचारणार, हे काय चाललंय तुझं, आणि माझ्या एकाही हिरोकडं त्याचं उत्तर नसायचं. त्यापेक्षा सुरुवातीलाच भिंतीवर फोटो, फोटोला हार, की पुढं मोकळं रान. माझे वडील, आमचे आप्पा, खुटबावला शेती बघायचे आणि सिनेमे बघायचे नाहीत, त्यामुळं ही गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली नव्हती.

तिसऱ्या सिनेमात मी स्वतःलाच मारायचं ठरवलं. दिग्दर्शक मरतो आणि आपल्याच दहाव्याला पाहुणा म्हणून जाऊन बसतो, प्रवचनकाराच्या चुका काढतो, असं काहीतरी. दिग्दर्शकाचं काम मीच करणार होतो, माझ्याच नावानं. शूटिंग कासुर्डीला. दहावा म्हटल्यावर फ्लेक्स आलाच. आमच्या भागात फ्लेक्स दिसल्याशिवाय माणूस गेला असं कुणी धरत नाही. मजकूर मी लिहून दिला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधे माझा गॉगल लावलेला फोटो, खाली कै. लावून माझं नाव. आणि सिनेमातला बाप नेहमीप्रमाणं मेलेला असल्यामुळं आप्पांचं नाव घालून, त्याच्याआधीही कै. लावून, यांचे चिरंजीव.

आमची कलादिग्दर्शक पुण्याची पोरगी, कामाला वाघ. तिनं यवतच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला आणि फोनवर सांगितलं, उद्या सकाळी लागेल. म्हणजे तिला हवा होता उद्या सकाळी. पण आमच्याकडं फ्लेक्स लागतो म्हणजे चौकात चढतो. त्या भल्या माणसानं दुःखाचं काम लांबवायला नको म्हणून तांबडं फुटायच्या आत शिडी लावली. एक कासुर्डी फाट्यावर, एक यवतच्या स्टँडसमोर. कोपऱ्यात एक पणती आणि उडणारं कबुतर आपल्या पदरचं टाकलं.

मी अंगावर पाणी घेऊन नुकता बाहेर आलो होतो तेवढ्यात मामांचा फोन. मी हॅलो म्हटलं. तर त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, कोण बोलतंय. म्हटलं, मामा, मीच. तर म्हणाले,

"तू हायस, तर मग फ्लेक्सवर कोण हाय?"

सगळा घोटाळा ध्यानात यायला मला वेळ लागला नाही. असले घोटाळे लिहितो म्हणूनच तर लोक मला शिव्या घालतात. पहिल्यांदा हसूच आलं. मग मामा म्हणाले, अरे, तुझा बाप दौंडला आत्याकडं होता ना, सकाळच्या एसटीनं निघालाय. यवतला उतरणार.

माझ्या हसण्याचं पार पाणी झालं. आप्पांची मागल्याच वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांना एकदम काही सांगू नका, चांगलं असलं तरी बेतानं. वर नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन. नव्या डोळ्यांची एवढी हौस, की एसटीत बसले की खतापासून क्लासपर्यंत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचे. ऑपरेशन महिनाभर लांबलं असतं तरी चाललं असतं, असं त्या क्षणी मनात आलं. फोन ते वापरत नाहीत. कुणाचीतरी मोटारसायकल घेतली आणि निघालो. कलादिग्दर्शक मागं काहीतरी विचारत होती, तिच्यावर खेकसलो. फाट्यावर माझाच फोटो माझ्याकडं गॉगलमधून बघत होता. त्याला आयुष्यात कुणाला घातली नसेल अशी शिवी घातली.

कासुर्डी ते यवत काही लांब नाही. पण त्या सकाळी तो रस्ता संपेना. देवाचं मी फारसं करत नाही, त्या दिवशी मात्र सगळ्यांची नावं घेतली. एवढंच मागत होतो, की त्यांची एसटी पंक्चर होऊ दे.

स्टँडसमोर फ्लेक्सखाली माणसांचं कोंडाळं. मधे कुणीतरी वर्तमानपत्रानं वारा घालतंय. गाडी नीट उभीसुद्धा केली नाही, आडवी टाकली. माणसं बाजूला झाली, आणि ज्यांनी मला ओळखलं ती जरा जास्तच वेगानं बाजूला झाली.

आप्पा चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसले होते. हातात बशी. बशीत चहा. टपरीवाले चाचा शेजारी बसून त्यांचा दुसरा हात धरून होते. चाचांची आणि आप्पांची शाळेपासूनची ओळख, दोघांनी एकाच मास्तरांचा मार खाल्लेला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. बशी खाली ठेवली. हात लांब करून माझं मनगट पकडलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"तुझा फोटो दिसला आन् पायातलं बळच गेलं बघ," आप्पा म्हणाले. "हितंच बसलो. चाचा म्हनला, नीट वाच. मग वाचलं. माझ्या नावाला कै. लागलंय. म्हनलं, मी तर हितं च्या पितोय. म्हंजी फ्लेक्सच खोटा हाय."

चाचा म्हणाले, धा वेळा वाचलं ह्यांनी, मोठ्यानं, बोट लावून. पहिलं कै. वाचताना आवाज फुटत नव्हता, दुसऱ्याला आले की हसायचे, परत पहिल्यापासून सुरू.

मी तिथंच आप्पांच्या पायाशी बसलो आणि रडलो. यवतचं अख्खं स्टँड बघत होतं, बघू दे म्हटलं. इतकं मोकळं मी त्याआधी कधी रडलो नव्हतो. माझ्या लिखाणातलं आजवर एकही अक्षर कुणाच्या कामी आलं नव्हतं. ते दुसरं कै. आलं.

रडणं ओसरल्यावर मी सिनेमाचा सगळा घोटाळा सांगितला. चाचांनी मलाही चहा दिला आणि मुद्द्यावर आले. पिच्चरमध्ये आप्पाला कशापायी मारलंस, असं विचारलं. मी म्हटलं, चाचा, तशी पद्धत असते, बाप नसला की गोष्ट पुढं पळते. चाचांना हे काही पटलं नाही. आप्पा मात्र विचार करत होते. मग म्हणाले, माझं ते कै. काढून टाक. फ्लेक्सवाला समोरच उभा होता, मान खाली घालून. ब्लेड घेऊन लगेच शिडीवर चढला. मी म्हटलं, फक्त दुसरं काप, पहिलं राहू दे, दुपारी शूटिंगला लागेल.

आप्पांनी त्याला हातानं थांबवलं.

"तसं न्हाई चालत," ते म्हणाले. "मी जित्ता असताना तुला मरता येनार न्हाई. एकतर दोघंबी गेलो, न्हाईतर दोघंबी हाय. काय ते ठरीव."

माझ्या हिरोंकडं ज्याच्या प्रश्नाचं उत्तर नसायचं तोच हा बाप, समोर बसला होता. फ्लेक्स खाली आला. दहाव्याचा प्रसंग गेला, त्याच्याबरोबर निम्मा सिनेमा गेला. कलादिग्दर्शकानं डोक्याला हात लावला, मी तिची माफी मागितली. मग दोन दिवस कासुर्डीच्या देवळात बसून नवा शेवट लिहिला. त्यात एक म्हातारा एसटीतून उतरतो, मुलाचा फ्लेक्स वाचतो, चहा पितो, आणि तो चहा संपेपर्यंत मुलगा येतो. बस्स. ते काम आप्पांनीच केलं. प्रत्येक टेकला खरोखरचा चहा पाहिजे म्हणून अडून बसले, संध्याकाळपर्यंत पित्त झालं. माझा हा एकच सिनेमा लोकांना कळला, असं लोक म्हणतात. माझ्या बरोबरीचे म्हणतात, तू बिघडलास. म्हणू देत.

ते दोन्ही फ्लेक्स आप्पांनी खुटबावला नेले. वैरणीवर घालायला एवढं मजबूत कापड दुसरं मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. छापील बाजू आत केलीय. मीच सांगणार होतो, त्यांनी आधीच केली होती.

फोन न वापरणाऱ्या माणसानं आता फोन घेतलाय. रोज सकाळी चहाच्या वेळेला वाजतो. पुण्यात असलो, मीटिंगमध्ये असलो, तरी उचलतो. बोलणं फार नसतं.

"हायस का?"

"आहे, आप्पा."

"मग मीबी हाय," म्हणतात, आणि ठेवून देतात.