दर्शनाच्या हातचा लॉलीपॉप

आमच्या शेजारची दर्शना पनवेलच्या एसटी स्टँडजवळ वडिलांची चायनीजची गाडी सांभाळायची. चिली चिकन मागायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी तिचे चिकन लॉलीपॉप खायचं.

त्र्याण्णव साली पळस्प्याहून तिला बघायला पाहुणे आले. कांदेपोहे झाल्यावर तिनं सरळ सांगितलं, "लग्नानंतरही मी गाडी चालवणार."

तिच्या आईचा चेहरा उतरला. मी मनात दत्ताचं नाव घेतलं.

मुलाची आई पार्वताबाई म्हणाल्या, "चालवशील गो, पन हाताला चव हाय का?"

दर्शनानं आत जाऊन लॉलीपॉप तळून आणले. दर्शनाच्या घरी वार पाळत नसत. पार्वताबाईंनी वास घेतला आणि बशी सरकवली. "आज गुरुवार हाय, बाय."

"मग बांधून देते, उद्या खा."

"नको," म्हणून त्या उठल्याच. स्थळ गेलं, असंच आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्शनाला धीर द्यायला मी गाडीवर गेले, तर पार्वताबाई मुलाला घेऊन बाकड्यावर बसलेल्या.

मी विचारलं, "काल बांधून का नाही नेलंत?"

"मऊ पडलेलं खाऊन सून पसंत करू काय? गरम पायजे."

दर्शनानं बशी पुढे ठेवली. पार्वताबाईंनी पहिला लॉलीपॉप हाडापर्यंत साफ केला, दुसरा उचलला आणि मगच बोलल्या.

"गाडी खुशाल चालव. फकस्त हळद गुरुवारी धरू नका, हळदीच्या जेवनाला पन हेच पायजे."