सुलतान इब्राहिमचा रंग

जेद्दाच्या विमानतळाबाहेर युसुफने माझी बॅग घेतली; काखेतली पुठ्ठ्याची फाइल मात्र मी दिली नाही. त्याने मागितलीही नाही. माझ्या पत्नीने, सुधाने, रंगवलेले शेवटचे चित्र त्या फाइलीत होते.

लाल समुद्राच्या उथळ पाण्यातले प्राणी ओळखता यावेत, असे एक सचित्र पुस्तक आम्ही दोघे मराठीत करत होतो. कोकणातून इकडे आलेल्या कुटुंबांनी सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर न्यावे, एवढीच त्यामागची इच्छा. चित्रे तिची, मजकूर माझा. मागच्या हिवाळ्यात ती इथे राहून गेली आणि पावसाळा संपता संपता वारली. पुस्तक छपाईला जाण्याच्या बेतात असताना, ते तपासणाऱ्या प्राध्यापकांनी एका चित्रासमोर लिहिले, ‘हा मेलेल्या माशाचा रंग वाटतो.’ चित्र ठेवायचे की काढायचे, असे प्रकाशक विचारत होते. स्वतः पाहिल्याशिवाय मला उत्तर देता येईना.

युसुफ दाभोळचा. त्याची बायको रझिया दापोलीच्या शाळेत सुधाकडे चित्रकला शिकलेली. सुधा त्यांच्याचकडे उतरली होती. जेवायला सय्यादिया (तळलेल्या कांद्यात शिजवलेला तपकिरी भात, वर मासा) होता आणि शेजारी सोलकढीची वाटी.

“बाई दोन वाट्या प्यायच्या,” रझिया म्हणाली. “आमसुलं अम्मी पाठवते.”

मग स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावरच मी चित्र उघडले. सुलतान इब्राहिम. आपल्याकडच्या चिरी माशाच्या नात्यातला, हनुवटीखाली दोन मिश्या असलेला मासा. अंग लालबुंद, आणि त्या लालीखाली बुडालेला एक फिकट पिवळा पट्टा.

सुधाचे नियम ठरलेले होते. सगळे मासे डावीकडे तोंड करून, म्हणजे शेजारशेजारची तुलना सोपी जाते. मागे समुद्र रंगवायचा नाही. मजकूर समोरच्याच पानावर, कारण ओल्या बोटांनी कोणी पाने उलटत नाही. आणि ज्या खुणेवरून प्राणी हमखास ओळखू येतो तिच्याकडे जाणारी एक बारीक रेघ. “पान मिटल्यावर चित्र नाही, मासा आठवला पाहिजे,” असे ती म्हणायची. या माशाची रेघ तिने पिवळ्या पट्ट्याकडे नेली होती. गुडघे पाण्यात उतरू देत नव्हते, म्हणून युसुफने बाजारातून आणलेला मासा समोर ठेवून तिने हे पान केले.

सकाळी आम्ही मासळीबाजारात गेलो. बर्फावर जेद्दाचा लाडका नाजिल (ठिपक्याठिपक्यांचा लाल मासा) ओळीने मांडला होता. पलीकडच्या ढिगात सुलतान इब्राहिम. मी फाइल उघडून चित्र शेजारी धरले. रंगात तसूभरही फरक नव्हता.

“चित्र बरोबर आहे,” मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मला हलके वाटले.

“हो सर,” रझिया हळूच म्हणाली. “या माशाचं बरोबर आहे.”

“मेलेला काय नि जित्ता काय,” युसुफ म्हणाला, “आमच्या तव्यावर दोघं सारखेच.”

“तुम्ही गप्प बसा हो.”

दुपारी ओभूरच्या खाडीवर काचेच्या तळाची बोट घेतली. नावाड्याने ‘यल्ला’ (चला) म्हणत आम्हाला चढवले. वाकून पाहताना माझ्या चष्म्यावर वाफ धरली. रझियाने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसून दिला. खाली प्रवाळ सरकत होते. मग एका खडकाच्या आडोशाला माशांचा थवा दिसला, जागच्या जागी तरंगणारा. पांढुरके अंग, डोळ्यापासून शेपटीपर्यंत सोन्यासारखा पट्टा.

मी लाल शोधत राहिलो.

“हा तो नव्हे,” मी म्हणालो. “वेगळी जात असेल.”

“मिश्या बघा, सर. आणि पट्टा बघा. बाईंनी रेघ तिथंच नेलीय.”

मी फाइल उघडून पाहिले. रेघ तिथेच होती. रंग मेलेला होता, पण त्याखालची खूण सुधाला दिसली होती. मी फाइल मिटली.

“मग चित्र खलास?” गाडीत युसुफने विचारले.

“नाही. लोकांना हा मासा आधी बाजारातच भेटतो. हे चित्र राहील. शेजारी जिवंत रंगाचं दुसरं हवं.” मी रझियाकडे पाहिले. “तू आत्ताच पाहिलास. तू काढ.”

“बाईंच्या पानावर माझा हात नको, सर.”

“काढ गं,” युसुफ म्हणाला. “नाहीतर बाई स्वप्नात येऊन वही फेकून मारतील. तूच सांगायचीस ना, वर्गात मारायच्या म्हणून?”

ती हसली आणि मग खिडकीबाहेर पाहू लागली.

मी निघेपर्यंत रझियाचे चित्र झाले होते. सुधाच्याच रंगपेटीतला पिवळा. सुधा ती पेटी इथेच ठेवून गेली होती. मासा डावीकडे तोंड करून होता.

परतीच्या विमानात पुढ्यातल्या फळीवर दोन्ही चित्रे ठेवली. ओळी लिहिणे माझे काम. सुधाच्या चित्राखाली ‘बाजारातला रंग’ असे लिहिले. तेवढ्यावर भागलेही असते. पण किनाऱ्यावर पुस्तक उघडणाऱ्याला त्यातून काहीच कळले नसते. खोडले. विमान समुद्रावर आल्यावर पुन्हा लिहिले:

‘मेल्यानंतरचा रंग. जिवंत मासा शेजारी. दोन्हींत पट्टा पाहावा.’