पोलिक्सेनीची मुकुटपेटी

पोलिक्सेनीला आमच्या कोझानी गावात सगळे सोशिक म्हणतात. तो शब्द कानावर आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सोशिक म्हणजे काय, तर जिला कुणीही यावं आणि लाथ मारावी, आणि जिनं वर विचारावं, पायाला लागलं नाही ना तुमच्या? पंचवीस वर्षं मी तिच्या समोरच्या घरात राहते. ती शाळेत साफसफाईला जाते, मी घरी शिवण करते. तिच्या घरात भांडं पडलं तर मला कळतं, माझ्या घरात पडलं तर तिला.

तिचा नवरा स्टेर्गिओस एका बाईबरोबर जर्मनीला निघून गेला तेव्हा लेक दाफनी सात वर्षांची होती. तो गेल्याला आठवडा झाला नसेल, सासू आली आणि चपलांसकट पलंगावर चढली. पलंगाच्या वर भिंतीला मुकुटपेटी होती. लग्नात पाद्री नवराबायकोच्या डोक्यावर जे मुकुट ठेवतो, पांढऱ्या रिबिनीनं एकमेकांना बांधलेले, ते आमच्याकडे काचेच्या पेटीत घालून पलंगावर टांगतात, ते दोघं मरेपर्यंत. म्हातारीनं पेटी काढली. "माझ्या मुलाच्या डोक्यावरचे आहेत," म्हणाली आणि दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत कोंबून चालती झाली. पोलिक्सेनीनं काय करावं? म्हातारीचे दोन्ही हात अडकलेत म्हणून दार उघडून धरलं! मी असते तर त्या दारातच तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

भिंतीवर पेटीच्या जागी फिकट चौकोन उरला. तिनं त्यावर कधी रंगही दिला नाही.

पुढे दाफनी अथेन्सला शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि आरिस नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. फोन ठेवला तशी पोलिक्सेनी माझ्याकडे आली. "हरिक्लिया, हिची मुकुटपेटी मी करणार. माझ्या हातची. सोन्याची."

"अगं, बाजारात तयार मिळते."

"तयार तर माझीही होती," ती म्हणाली. "आईच्या हातची असली की कुठल्याच सासूची ती भिंतीवरून उतरवायची छाती होणार नाही."

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आनेस्तिस मास्तर बायकांना सोन्याचा वर्ख चढवायला शिकवायचे. मास्तर स्वतः चर्चसाठी येशूची, संतांची चित्रं काढतात. बायका आपल्या घरातल्या जुन्या चौकटी, आरसे, ट्रे घेऊन यायच्या. सोबत म्हणून मीही गेले. वर्ख ही काय चीज आहे म्हणून सांगू! बोट लावलं तर फाटतो, फुंकर लागली तर उडतो. मला नेमकी शिंक आली. माझा वर्ख उडाला तो थेट मास्तरांच्या दाढीला. "हरिक्लिया," मास्तर म्हणाले, "तू आपली घंटा वाजवायला जा." झालं माझं शिक्षण.

पोलिक्सेनी मात्र टिकली. वर्गात पितळी वर्खावर हात बसवला आणि मग स्वयंपाकघरातच कारखाना थाटला. आधी सशाच्या कातड्याचा सरस उकळायचा. त्याची घाण अशी, की माझ्या मांजरानं आठवडाभर तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. त्यात खडूची पूड कालवून लाकडावर पांढरे थर चढवायचे, एक वाळला की दुसरा, मग काचपेपरनं घासून अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत करायचं. त्यावर तांबडी माती. त्यावर सोनं. पहिल्या खेपेला सरस जास्त झाला आणि सगळं पांढरं तडकलं. तिनं ते लाकडापर्यंत खरवडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. द्राक्षवेलीची नक्षी होती पेटीवर, एकेका पानाच्या कंगोऱ्यातून टाचणीनं खडू काढत बसायची. तिच्या गळ्यातली साखळी त्या सुमारास दिसेनाशी झाली आणि घरात खऱ्या सोन्याचा वर्ख आला.

ऐन ऑगस्टमध्ये खिडक्या बंद, पंखा बंद. बाई घामानं निथळतेय. रुंद ब्रश गालावर फिरवायचा, गालाच्या तेलकटपणावर वर्ख उचलला जातो. माती ओली करायची ती पाण्यात आमचा घरचा त्सिपुरो घालून, दारूनं पाणी नीट पसरतं म्हणे. मी म्हटलं, "निम्मा पेटीला, निम्मा पोटाला," आणि आत शिरले.

"दार लाव!" ती माझ्यावर खेकसली. "वर्ख उडतोय, दिसत नाही? भवाने!"

पंचवीस वर्षांत ही बाई पहिल्यांदा कुणावर ओरडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी बाहेर पायरीवर बसून एकटीच हसत होते.

शेवटी अकीकाच्या दगडानं घासून घासून तिनं सोन्याला चकाकी आणली. जिथं वर्ख विरला होता तिथं ती तोंडानं वाफ सोडायची आणि वर बारीकसा तुकडा टेकवायची. दर रविवारी फोनवर लेकीला सगळं सांगायची. आज हे पान झालं, आज तो कोपरा झाला. पलीकडून दाफनी म्हणायची, "हो का? छान, आई."

ईस्टरला दाफनी आणि आरिस आले. मलाही जेवायला बोलावलं होतं. ईस्टरची लाल अंडी फोडून झाली, कोकरू खाऊन झालं, आणि पोलिक्सेनीनं चादरीत गुंडाळलेली पेटी आणून टेबलावर ठेवली. चादर काढली. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. चर्चमध्ये सुद्धा असं काम नाही.

आरिस म्हणाला, "बापरे, फारच चमकतंय."

दाफनी खाली बघत होती. "आई, आम्ही नगरपालिकेत लग्न करतोय. सही करून. चर्च नाही, मुकुट नाहीत."

"कधी ठरलं?"

"पहिल्यापासूनच."

"मग सांगितलं नाहीस?"

"तू इतकी रमली होतीस. म्हटलं, चालू दे."

मग माझा तोल गेला. "चालू दे? अगं, वर्षभर डोळे फोडून घेतले तिनं! तोंडाला काय कुलूप लागलं होतं तुझ्या?"

"मावशी, तू मध्ये पडू नकोस," दाफनी म्हणाली आणि आईकडे वळली. "मला पलंगावर काहीच टांगायचं नाही, आई. त्या चौकोनाखाली मी तुझ्या कुशीत झोपायचे. तू रडायचीस. तुला वाटायचं मला झोप लागलीय. मुकुट होते तेव्हा तरी बाबा थांबला का?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

आरिस बिचारा भला माणूस, सावरायला गेला. "आपण ही दारापाशी लावू ना. किल्ल्या ठेवायला झकास. फक्त आमच्याकडे सगळं पांढरं आहे. वरून एक हात पांढरा मारून घेतो मी."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" पोलिक्सेनी म्हणाली. "आत पांढरंच आहे."

दुसऱ्या दिवशी पोरं मैत्रिणीकडे गेली होती. मी तिचं पातेलं परत करायला गेले तर टेबलावर पेटी, शेजारी बादली, आणि बाईच्या हातात ओला फडका. असलं सोनं पाण्यानं जातं. पाणी लागू देऊ नका, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"अगं वेडे, थांब! मला दे, मी लावते माझ्या घरी."

"तुझे मुकुट तुझ्या पेटीत आहेत, हरिक्लिया."

आणि तिनं पुसायला सुरुवात केली, शाळेतले बाक पुसते तशी. वर्षभराचं सोनं, फडक्यावर नुसता मळकट डाग. बादलीतलं पाणी तांबडं झालं, ते तिनं मोरीत ओतलं. मग काचपेपर घेतला आणि तांबडं घासून काढलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडत होते मी. खाली पांढरं दिसायला लागलं. पानांच्या खोबणीत तेवढं कुठं सोनं उरलं, कडांना कुठं तांबडं.

संध्याकाळी पोरं आली. मी मुद्दाम थांबले होते. मला दाफनीचा चेहरा पडलेला बघायचा होता. म्हटलं, कळू दे एकदा हिला, आईनं काय केलं आणि का केलं.

दाफनीनं पेटी हातात घेतली, उजेडात धरली. तिचा चेहरा फुलला.

"आई! अगं, किती सुंदर झालंय हे! आरिस, बघ ना, जुनं आणल्यासारखं दिसतंय. लोक असलं मुद्दाम करून घेतात." तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. मनापासून टाकले, तेच वाईट. "मला अगदी हेच हवं होतं गं. ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी अशीच आणखी एक करशील?"

"करेन की," पोलिक्सेनी म्हणाली. "पण आधी सगळीवर सोनं चढवावं लागतं, बाळा. त्याशिवाय असं दिसत नाही."

दाफनीला वाटलं आई थट्टा करतेय. ती हसली आणि पेटी गुंडाळायला चादर शोधू लागली.