सुरीवरचा निळा डाग

मेहुण्याची सुरी मी चिंच आणि राख लावून घासली. काही करू नका, असं तो सांगून गेला होता. तरी घासली.

मेहुणा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी. सुरी जपानी, त्याच्या उस्तादांनी शेवटच्या आजारपणात त्याच्या हाती दिलेली. किंमत मी एकदा विचारली होती, तेव्हा बायकोने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारली नाही. वादळात निम्मी सुपारी आडवी झाली, त्यानंतर दिवेआगरच्या वाडीत आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. पण बायकोचे गुडघे आता ओट्यापुढे उभं राहू देईनात. मेहुण्याने नोकरी सोडून इथलं स्वयंपाकघर सांभाळायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. तो आला नाही तर दिवाळीनंतर खोल्या बंद. चार दिवस राहून, सगळं बघून तो राजीनाम्याचं बोलायला मुंबईला गेला आणि परत येणार याची खूण म्हणून सुरी आमच्याकडे ठेवून गेला.

"भावोजी, कोरडी ठेवा. बाकी काही करू नका."

"अरे, मी काय लहान आहे?"

त्याने सुरी स्वतःच फडक्यात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पात्याच्या एका अंगावर निळसर-जांभळा डाग होता. दिघीच्या धक्क्यापाशी पाण्यावर डिझेल पसरतं तसा. मुठीजवळ तर काळाच. एवढी महागाची वस्तू आणि तिचं हे रूप. आमच्याकडचा वारा लोखंड खातो. गेल्या वर्षी बसवलेली कडी या वर्षी हातात येते. मी धरून चाललो की डाग आमच्या घरात आल्यावर पडला, आणि नाव माझंच येणार.

खंडेनवमीच्या सकाळी कोयते, विळी, अडकित्ता अशी सगळी हत्यारं पूजेसाठी घासायला पडवीत मांडली होती. त्यांच्यात सुरीही बसवली. डाग चिंचेला दाद देईना, म्हणून दाराचा रंग खरवडायला आणलेला पॉलिश पेपर घेतला. अर्ध्या तासात पातं पांढरंस्वच्छ. त्यात तोंड बघितलं. गालांवर आडव्या रेघा दिसल्या, त्या मी वयाच्या समजलो.

मग सगळी पाटावर ओळीने. हळदकुंकू, अक्षता, प्रत्येकावर झेंडूचं ओलं फूल. आमच्या घरची रीत अशी की पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्यालाही एक दिवस विसावा हवा.

जेवून आलो तर सुरीवरच्या फुलाच्या कडेने नारिंगी रेघ आली होती. कुंकू ओघळलं असेल म्हटलं. चहाच्या वेळेला ती बोटभर झाली. कुंकू असं वाढत नाही. वाकून बघितलं. फुलाखालून काहीतरी हळूहळू बाहेर सरकत होतं. शेजारी वडिलांच्या वेळचा काळा कोयता स्वस्थ पडला होता.

फडकं घेऊन वाकलो, तोच मागून बायको म्हणाली, "पूजेतलं उचलायचं नाही."

"अगं, गंजतेय."

ती जवळ आली. बघितलं. ओरडली नाही, खुर्चीवर बसली.

"तुम्ही ती घासलीत?"

"थोडीशी."

"त्याला मी लहानपणापासून ओळखते. ओरडला तर बरं. गप्प बसला तर समजा, गेला परत."

संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला. खिडक्या लावल्या, तरी ओठांवर मीठ लागत होतं. पाटासमोरून मी उगाच सहा-सात वेळा गेलो. दर वेळी रेघ आधीपेक्षा पुढे.

दसऱ्याला सकाळी मेहुण्याचा फोन आला. गाडी आगरदांड्याला फेरीबोटीत चढवली होती. दिघीला उतरून बोर्लीवरून यायला त्याला फार तर तासभर. बायकोने अक्षता वाहून पूजा हलवली. मी फूल उचललं. खाली पात्यावर तसंच दुसरं फूल उमटलं होतं, गंजाचं. पाकळ्या मोजता आल्या असत्या. मी खोबरेल तेल चोळलं. फूल तेलात आणखी उठून दिसायला लागलं.

तो आला, चपला काढल्या आणि पाटापुढे बसला. सुरी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. गप्प. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही.

मग गंजाच्या फुलावरून अंगठा फिरवत म्हणाला, "तो डाग नव्हता, भावोजी. बारा वर्षं कांदे, लिंबं, मासे कापून चढलेला रंग होता. अर्धा उस्तादांचा, अर्धा माझा. तो असला की गंज धरत नाही."

मी तेलाची बाटली पाठीमागे धरली.

तो उठून ओट्याशी गेला. पातं पुसलं, कांदा घेतला, चिरायला लागला. आम्ही दोघं दारात उभे.

"येणार आहेस ना?" बायकोने विचारलं.

"राजीनामा देऊन आलोय, ताई." सुरी थांबली नाही. "पण माझ्या सुऱ्या पेटीत राहतील. पेटीला कुलूप. चावी तुझ्याकडे."

"माझ्याकडे दिलीस तरी चालेल," मी म्हणालो.

त्याने कांदा संपवला. पातं फडक्याने कोरडं केलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कुलूप घासाल."